उपलब्ध नाही

आमच्याकडच्या एका द्रवाच्या एमएसडीएसवर, म्हणजे सुरक्षिततेच्या माहितीपत्रकावर, ‘व्हेपर प्रेशर’च्या (बाष्पदाबाच्या) रकान्यात कित्येक वर्षं दोनच शब्द होते : उपलब्ध नाही. ते कोणी लिहिले, कोणालाच आठवत नाही. आधीच्या एखाद्या शीटवरून उतरवले असणार. शाळेत गृहपाठ उतरवतात तशाच आमच्याकडे शीटं तयार होतात.

मी वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. मराठवाडा विद्यापीठातून फिजिकल केमिस्ट्री घेऊन एमएस्सी केली आणि नोकरीला लागल्यावर सात वर्षं टायट्रेशन आणि जीसी, जीसी आणि टायट्रेशन. जीसी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारं यंत्र. बाष्पदाब, म्हणजे बंद जागेत द्रवाची वाफ जो दाब देते तो, शेवटचा भेटला परीक्षेच्या पेपरात, सात मार्कांना.

मागच्या एप्रिलमध्ये एकाच आठवड्यात दोन जणांनी तो रकाना उघडा पाडला. एक होता परदेशातला गिऱ्हाईक. त्याने मेल टाकली की शीटच्या नवव्या विभागातला बाष्पदाब मोजून द्या, ‘उपलब्ध नाही’ चालणार नाही. दुसरे आमचे गोडाऊनचे मामा. ते लॅबच्या दारात चप्पल काढून उभे राहिले. लॅबमध्ये चप्पल काढायची नसते, घालायची असते, हे त्यांना शंभरदा सांगून झालंय.

“ताई, त्या बावीस नंबरच्या ड्रमचं बुच खोललं की फुस्स करतंय अन् मंग डोकं धरतंय. सकाळच्या पारी नाई धरत. दुपारीच धरतं. कामून?”

बावीस नंबर म्हणजे हा द्रव. एक एस्टर, औषधाच्या वाटेवरचा मधला टप्पा. खरं नाव सांगायची मुभा नाही. वास गोडसर, पिकलेल्या केळ्यासारखा, म्हणून कोणाला त्याची भीती वाटत नाही.

मामांना म्हटलं, “ऊन आहे ना मामा.” ते म्हणाले, “ऊन तं हायेच, पण दुसऱ्या ड्रमांला बी ऊनच हाये की.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सरांनी ती मेल माझ्याकडे ढकलली ती त्याच दिवशी.

सरांचं म्हणणं होतं, बाहेरच्या लॅबला सॅम्पल पाठवू, आकडा येईल, लिहून टाकू. कोटेशन मागवलं. कोटेशन बघून तेच म्हणाले, “आपल्याकडं बाष्पदाब मोजायचा तो काचेचा आयसोटेनिस्कोप आहे ना कुठंतरी?”

होता. स्टोअरच्या वरच्या फळीवर, २०११च्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. लिंबाएवढा काचेचा फुगा आणि त्याला जोडलेली बोटभर उंचीची, दोन पायांची वाकडी नळी. एवढंच. १९१० साली स्मिथ आणि मेन्झिस या दोघांनी हे काढलं आणि त्यात सुधारायला फारसं काही उरलंच नाही. फुग्यात द्रव ठेवायचा, नळीच्या वाकात त्याच द्रवाचा थोडा भाग. फुग्यातली सगळी हवा घालवली की तिथे उरते फक्त त्या द्रवाची वाफ. नळीच्या एका पायावर ती वाफ दाबते, दुसऱ्या पायावर आपण बाहेरून नायट्रोजन सोडत जायचं. दोन्ही पायांतली पातळी सारखी झाली की बाहेरचा दाब बरोबर आतल्या वाफेइतका. आतलं मोजता येत नाही म्हणून बाहेरचं मोजायचं. मला तो तराजूच वाटतो, फक्त पारड्यात हवा आहे.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, बाष्पदाब मोजायच्या १०४ नंबरच्या मार्गदर्शिकेत आठ पद्धती दिल्या आहेत. कुठली घ्यायची हे आपल्या आवडीवर नसतं, पदार्थ किती उडतो त्यावर असतं. डांबरगोळीसारखा हळूहळू झिजणारा घन पदार्थ असेल तर त्याच्यावरून कोरडा वायू तासन्‌तास फिरवायचा आणि त्या वायूने किती उचललं ते मोजायचं. त्याहून आळशी पदार्थ असेल तर बारीक भोकाच्या डबीत निर्वातात ठेवायचा आणि वजन किती घटलं ते बघायचं. आमचा बावीस नंबर मधल्या गटातला, साधारण १०० पास्कलच्या वरचा. त्याला आयसोटेनिस्कोप चालतो. आणि एकाच तापमानाला मोजून भागत नाही. निदान दोन तापमानं, तीन असली तर बरं.

जोडणीला चार दिवस गेले. त्यातले दोन व्हॅक्यूममध्ये. कॉलेजात आम्ही नळाला पाण्याचा फिल्टर पंप लावायचो, धार सोडली की झालं. आमच्या शहरात आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येतं. तासभर नळ सोडून ठेवते म्हटलं असतं तर कॅन्टीनवाल्यानेच मला हाकललं असतं. म्हणून तेलाचा पंप आणला. तेलाच्या पंपात एस्टरची वाफ गेली तर तेल बिघडतं, म्हणून मध्ये वाफ गोठवून अडवणारा काचेचा ट्रॅप, आणि ट्रॅपभोवती द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंशांचा.

द्रव नायट्रोजनची गाडी त्या आठवड्यात आलीच नाही. गंगापूरकडे माझा मावसभाऊ मोटरसायकलवर जार बांधून गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करत फिरतो. त्याच्या जारात काय असतं? हेच. त्याला फोन केला तर म्हणाला, “तुझ्या पंपासाठी मी लोकांच्या म्हशी रिकाम्या ठेवू काय?” तरी दोन लिटर दिलं, आणि त्या बदल्यात त्याच्या पोरीच्या सायन्स प्रोजेक्टची जबाबदारी माझ्यावर टाकली.

त्या ट्रॅपबद्दल सांगायलाच हवं. पंप चालू नसताना आणि जोडणी कुठेतरी गळत असताना ट्रॅपला द्रव नायट्रोजन लावून ठेवला, तर हवेतला ऑक्सिजन तिथे द्रव होऊन साचतो, कारण तो उणे १८३लाच द्रव होतो. फिकट निळा, दिसायला सुंदर. खाली एस्टर, वर द्रव ऑक्सिजन. एवढ्यावर आख्खी खोली उडू शकते. म्हणून आधी पंप, मग नायट्रोजन; काढताना आधी नायट्रोजनचा थर्मास खाली, ट्रॅप हवेला मोकळा, मग पंप बंद. मी हे मार्करने भिंतीवर लिहून ठेवलं. सर म्हणाले, “ऑडिट आहे, भिंतीवर काय लिहिता?” ते अजून तिथेच आहे.

मोजणीची सुरुवात पदार्थापासून करायची नसते, पाण्यापासून करायची असते. पाण्याचा बाष्पदाब जगाला माहीत आहे. ४० अंशांना ५५.३ मिलिमीटर पारा. आपल्या जोडणीने पाण्याला ५५ दाखवलं तर पुढे जायचं.

माझ्या जोडणीने ९८ दाखवलं.

दोन मिलिमीटर चुकलं असतं तर गळती म्हटलं असतं. हे जवळजवळ दुप्पट. सगळे सांधे उघडले, ग्रीस पुसलं, नवं लावलं, फुगा ज्यात बुडवून एका तापमानाला ठेवतात त्या बाथचा थर्मामीटर बदलला. पुन्हा ९८. २५ अंशांना २४च्या जागी ६७. म्हणजे प्रत्येक ठिकाणी त्रेचाळीसच्या आसपास जास्त. दोन दिवस मी त्या त्रेचाळिसाकडे बघत बसले. प्रत्येक वेळी तेवढीच चूक येते म्हटल्यावर ती गळती नसते. गळती इतकी शिस्तीची नसते.

आमचा बंद तोंडाचा मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायची पाऱ्याची नळी, केव्हाच फुटलेला. उरलेला उघड्या तोंडाचा, म्हणजे त्यात पाऱ्याच्या दोन पातळ्यांतला फरक बाहेरच्या हवेच्या दाबातून वजा करायचा. बाहेरच्या हवेचा दाब मी घेतला होता मोबाइलवरच्या हवामानाच्या अ‍ॅपवरून : १००६ हेक्टोपास्कल, म्हणजे ७५५ मिलिमीटर.

उत्तर मिळालं ते चहाच्या वेळी. लॅबमधल्या पोराने बीकरमध्ये पाणी उकळायला ठेवलं होतं, थर्मामीटर आतच होता आणि पाणी खदखदत असताना तो ९८ दाखवत होता. पोरगा म्हणाला, “मॅडम, हा थर्मामीटर पण गंडलेला आहे, सगळेच ९८ दाखवतात.” सगळेच ९८ दाखवतात तर गंडलेले कसे असतील? आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर वर आहे. इथे पाणी १००ला उकळतच नाही. आणि हवामानाचं अ‍ॅप जो दाब दाखवतं तो गावाचा नसतोच, तो समुद्रसपाटीला उतरवून दाखवलेला असतो, म्हणजे मुंबई आणि संभाजीनगर एका नकाशावर ताडून बघता यावेत. मी मराठवाड्यात बसून मुंबईच्या हवेतून वजाबाकी करत होते.

इन्स्ट्रुमेंटवाल्यांकडे कॅलिब्रेशनचा डिजिटल बॅरोमीटर होता. त्याने दाखवलं ७०८. फरक ४७.

आता पाण्याला ४० अंशांना ५१ आलं. आनंद झाला, पण अर्धाच. ५५ कुठे आणि ५१ कुठे. त्रेचाळीस आणि सत्तेचाळीस यांतले ते चार अजून शिल्लक होते. यावेळी मात्र पुस्तक काढलं आणि लाज वाटली, कारण हे शिकवलेलं होतं. मॅनोमीटरमधला पारा शून्य अंशाला आहे असं धरून सगळी कोष्टकं असतात. आमच्या खोलीत तो २६ला होता. गरम पारा फुगतो, तोच दाब तोलायला उंच चढतो. साडेसहाशे मिलिमीटरच्या स्तंभावर हे जवळजवळ तीन मिलिमीटर होतात. उरलेला सव्वा-दीड मिलिमीटर पृथ्वीचा. आपण विषुववृत्ताच्या जास्त जवळ, त्यामुळे गुरुत्वाकर्षण प्रमाण मानलेल्या आकड्याहून किंचित कमी, पारा किंचित हलका. दोन्ही दुरुस्त्या केल्यावर ५५.२.

मी हे सगळं सरांना सांगायला गेले तर ते म्हणाले, “म्हणजे अजून बावीस नंबर घेतलाच नाही?”

मग घेतला. गोडाऊनमधल्या चालू बॅचच्या ड्रममधूनच सॅम्पल काढलं. फुग्यात भरलं, पंप लावला. दाब उतरत गेला तसा द्रव आपोआप बुडबुडायला लागला, कुठलीही आच नसताना. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे चेटूक वाटतं. विरघळलेली हवा निघत असते. थोडा वेळ तसं चालू द्यायचं, मग पंपाची चावी बंद करून बाथ २५ अंशांवर स्थिर करायचा, नायट्रोजन सुईच्या व्हॉल्व्हने इतका हळू सोडायचा की नळीतली पातळी हलताना दिसू नये, फक्त हललेली दिसावी. घाई केली तर नळीच्या वाकातला द्रव फुग्यात ढकलला जातो आणि हवा आत शिरते, आणि मग सगळं पहिल्यापासून. माझ्याकडून तीनदा झालं. तिसऱ्यांदा बोलले ते शब्द इथे लिहिता येत नाहीत.

पहिलं रीडिंग आलं १६.२. पुन्हा पंप, पुन्हा स्थिर : १२.९. पुन्हा : १०.४. मग ९.३. मग ९.०. आणि मग पुन्हा ९.०. दोनदा तेच आलं की हवा संपली असं मानायचं. मी वहीत शेवटच्या दोघांभोवती गोल केला आणि आधीच्या चारांवर रेघ मारली. हवा होती, गेली, झालं.

रात्री घरी भाकरी थापताना डोक्यात आलं की हवेला इतका वेळ लागायला नको होता. दोन फेऱ्यांत निघते हवा, पाण्याच्या वेळी निघाली होती. १२.९ ते ९.० ही वाट हवेची नव्हती.

सकाळी गेल्या गेल्या दोन सॅम्पल जीसीवर लावली : एक ड्रममधलं जसंच्या तसं, दुसरं फुग्यात उरलेलं. ड्रमवाल्याच्या आलेखात एक बारीक शिखर सुरुवातीलाच येत होतं. फुग्यातल्यात ते जवळजवळ नाही. डायक्लोरोमिथेन. पटकन उडणारा द्रावक; बावीस नंबर बनवताना शेवटी तो वेगळा काढायला (एक्स्ट्रॅक्शनला) तेच वापरतात आणि ड्रायिंग कितीही केलं तरी थोडं मागे राहतं. वजनाने पाऊण टक्क्याच्या आत. आमच्या क्यूसीची, म्हणजे गुणवत्ता तपासणीची, मर्यादा एक टक्का. म्हणजे कागदावर बॅच पास, एकदम स्वच्छ.

पण डायक्लोरोमिथेनचा स्वतःचा बाष्पदाब २५ अंशांना ४३५ मिलिमीटर आहे. रेणूंच्या हिशेबात ते द्रवात शंभरात एक असलं तरी वाफेत ४ मिलिमीटरपेक्षा जास्त भर घालतं. बावीस नंबर स्वतः ९. म्हणजे द्रवात एक टक्का असलेला पाहुणा वाफेत तिसरा हिस्सा घेऊन बसला होता. आणि तो ४० अंशांच्या आतच उकळतो. मामांचं गोडाऊन मेमध्ये त्याच्या उत्कलनबिंदूच्या वर असतं.

मी ज्या चार आकड्यांवर रेघ मारली होती त्यातला एक ड्रमचा खरा आकडा होता. खरं सांगायचं तर मला इथे थोडी भीती वाटली. पद्धत काय म्हणते? पदार्थ शुद्ध घ्या, उडणारी अशुद्धी काढून टाका, नाहीतर आकडा चुकीचा वाढतो. बरोबरच आहे ते. पदार्थाचा आकडा हवा असेल तर तसंच करायला हवं. पण ड्रममध्ये पदार्थ नसतो, माल असतो. मामांचं डोकं शुद्ध बावीस नंबरने धरत नव्हतं.

पुढचं काम मात्र सरळ झालं. शुद्ध सॅम्पल घेऊन चार तापमानांना मोजलं : २५ला ९.०, ३५ला १५.६, ४५ला २६.१, ५५ला ४२.४. एका रात्री लाइट गेली आणि जनरेटर सुरू होईपर्यंत बाथ तीन अंश उतरला, ती रात्र वाया. बाकी काही सांगण्यासारखं नाही. दाबाचा लॉगॅरिथम उभ्या अक्षावर, केल्विन तापमानाचा व्यस्त आडव्यावर, चार ठिपके, एक पट्टी. क्लॉसियस आणि क्लापेरॉन यांचं समीकरण. चारही ठिपके रेषेवर बसले तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला हाक मारून ते दाखवलं. ती मायक्रोबायोलॉजीची, “छान आहे, सरळ आहे,” म्हणाली.

मग आकडा लिहायचा प्रश्न आला. मला वाटलं होतं हे सगळ्यात सोपं असेल.

सर म्हणाले, २५चा लिही, ९.० मिलिमीटर, १.२ किलोपास्कल, गिऱ्हाइकाला तोच हवा. ते खरं होतं. पण आपल्याकडच्या १९८९च्या धोकादायक रसायनांच्या नियमांत एमएसडीएसचा जो नमुना दिला आहे, त्यात बाष्पदाब ३५ अंशांना विचारला आहे. हा नमुना ज्यांनी बसवला ते इथल्या उन्हात राहिलेले असावेत असं मला उगाच वाटतं. म्हणून ३५चाही लिहिला, १५.६. सर काही बोलले नाहीत.

४५चा लिहिते म्हटल्यावर बोलले. “तो कोणी मागितलाय?”

मी गोडाऊनमध्ये कमाल-किमान थर्मामीटर टांगून ठेवला होता. पत्र्याचं छप्पर, वर पोटमाळा नाही, पंख्याची दोन भोकं आणि त्यातल्या एकात कबुतराचं घरटं. चिकलठाण्याच्या वेधशाळेचा आकडा पेपरात ४१ आला त्या दिवशी आमच्या गोडाऊनचा होता ४६. तो आकडा मी सरांपुढे ठेवला आणि हिशेब करून दाखवला. बंद ड्रमच्या वरच्या मोकळ्या जागेत वाफ भरून बसते. तिचं प्रमाण म्हणजे बाष्पदाब भागिले हवेचा दाब. २५ अंशांना ९ भागिले ७०८, सव्वा टक्का. ४५ला २६ भागिले ७०८, पावणेचार टक्के. अशा हलक्या एस्टरांची खालची स्फोटमर्यादा, म्हणजे हवेत किती वाफ झाली की ठिणगीने पेट घेऊ शकते तो आकडा, साधारण एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान असते. म्हणजे २५ अंशांच्या एसी लॅबमध्ये तो ड्रम काठावर आहे आणि गोडाऊनमध्ये काठ ओलांडून पुढे गेलाय. पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) सांगितलं की लोकांना काही कळत नाही, टक्के म्हटलं की सर ताठ बसतात हे मला अनुभवाने माहीत आहे.

तिथे एक जण मार्केटिंगचेही बसले होते. त्यांचा आक्षेप असा की आकडा मोठा दिसतो, गिऱ्हाईक बिचकेल. मी म्हटलं आकडा मोठा नाही, ऊन मोठं आहे. ते हसले, मुद्दा मात्र सोडला नाही. तेच पुढे म्हणाले, “नऊ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही की हो.” तेव्हा मी टेबलावरच्या मॅनोमीटरकडे बोट केलं. त्यातल्या पाऱ्याचा बाष्पदाब २५ अंशांना ०.००१८ मिलिमीटर आहे, आमच्या एस्टरच्या पाच हजारांश. तरी बंद खोलीत सांडलेला पारा तसाच राहिला तर हवेत घनमीटरला २० मिलिग्रॅमपर्यंत चढू शकतो, आणि दिवसभर काम करणाऱ्या माणसासाठी ठरवलेली मर्यादा आहे ०.०२५. आठशे पट. आकडा लहान म्हणजे किती लहान, हे पदार्थाच्या विषारीपणावर ठरतं, आपल्या डोळ्यांवर नाही. ते मॅनोमीटरपासून खुर्ची थोडी मागे घेऊन बसले. (पुढच्या महिन्यात मला पाऱ्याविना चालणारा गेज मंजूर झाला. त्याचं श्रेय मी त्यांनाच देते.)

शेवटी तडजोड अशी झाली : बाहेर जाणाऱ्या शीटवर २५ आणि ३५चे आकडे, शुद्ध पदार्थाचे, एककांसह. एककं मी दोन्ही घातली, कारण मिलिमीटरचा आकडा किलोपास्कलच्या रकान्यात उतरवलेली एक शीट मी याच कपाटात पाहिली आहे. ४५चा आकडा आणि डायक्लोरोमिथेनची भर आतल्या नोटमध्ये, गोडाऊन आणि फिलिंगच्या लोकांसाठी. मला तो बाहेरच्या शीटवरही हवा होता. नाही झालं. डायक्लोरोमिथेनची मर्यादा एक टक्क्यावरून खाली आणायचा माझा प्रस्ताव प्रॉडक्शनकडे आहे. ड्रायिंगचे तास वाढतात म्हणून तो तिथेच बसून आहे.

मामांना मात्र नोट देऊन भागणार नव्हतं. दुपारी चहा घेऊन गोडाऊनच्या दारात बसले आणि त्यांना सांगितलं की ड्रमात द्रवावर जी मोकळी जागा असते तिथे वाफ असते, आणि ड्रम अर्धा असो की तळाला पेलाभर उरलेला असो, तिचा दाब तेवढाच.

“म्हंजी रिकाम्यात बी?”

“रिकाम्यात तर जास्त जागा, जास्त वाफ.”

मामा एकदम गप्प झाले. रिकामे ड्रम ते मागच्या बाजूला उन्हात लावतात, आणि भंगारवाला येऊन तिथेच ग्राइंडरने त्यांची झाकणं कापतो. मला हे माहीतच नव्हतं. सात वर्षांत मी गोडाऊनच्या मागे कधी गेलेच नव्हते.

मग त्यांनी फुस्सचं विचारलं. तिथे मला त्यांना, आणि आधी स्वतःला, दुरुस्त करावं लागलं. मी समजत होते की फुस्स म्हणजे वाफ. हिशेब केला तर तसं नव्हतं. सकाळी २५ला बंद केलेला ड्रम दुपारी ४५ला गेला तर आतली हवाच तापून ४७ मिलिमीटर दाब वाढवते. एस्टरची वाफ वाढवते १७. डायक्लोरोमिथेन आणखी थोडा. फुस्स मुख्यतः हवेचं. पण ती हवा एकटी बाहेर येत नाही, तीन-चार टक्के वाफ बरोबर घेऊन थेट बुच उघडणाऱ्याच्या तोंडावर येते, कारण बुच उघडताना माणूस वाकलेला असतो.

“मंग वाकायचं नाई,” मामा म्हणाले.

“वाकायचं नाही, आणि दुपारी उघडायचाच नाही. सकाळी आठच्या आत. एक आटा सैल करायचा, थांबायचं, मग पूर्ण.”

भंगारवाल्याचं ग्राइंडर दुसऱ्याच दिवशी बंद झालं. ते मामांनीच केलं, मला काही करावं लागलं नाही. रिकामे ड्रम आता पाण्याने धुऊन, बुच काढून, सावलीत उपडे ठेवतात. धुवायला पाणी कुठून आणायचं यावर एक वेगळी मीटिंग झाली, आणि ते धुतलेलं पाणी ईटीपीला (सांडपाणी शुद्धीकरणाला) जायचं की नाही यावर दुसरी. एक्झॉस्ट पंख्याचा प्रस्ताव पर्चेसमध्ये आहे. कबुतराचं घरटं अजून तिथेच आहे, त्यात आता पिल्लं आहेत म्हणून मामा हात लावू देत नाहीत.

तो कमाल-किमान थर्मामीटर मी परत आणायला गेले तर मामांनी दिला नाही. रोज दुपारी तीनला ते खडूने दाराच्या आतल्या बाजूला आकडा लिहितात. काल ४४ होता. त्याच्या खाली त्यांनी स्वतःच्या हिशेबाने एक फुली मारून ठेवली होती. विचारलं तर म्हणाले, चाळीसच्या वर गेलं की फुली, फुलीच्या दिवशी बावीस नंबरच्या रांगेत कोणाला जाऊ देत नाई.

एप्रिलपासूनच्या फुल्या मोजल्या. एकतीस.